पहिल्या ओळीतलं पुणं

१६ जून, सोमवार

ही डायरी एका खताच्या कंपनीची. वर केळीच्या घडाचं चित्र आहे. जानेवारीपासूनची पानं कोरीच गेली, म्हणून मी सरळ जूनमध्ये सुरुवात करते आहे. दिपूने हातात दिली आणि म्हणाली, "आजी, मी पुण्याला गेले की तुझं बोलणं कोण ऐकणार? यात लिहीत जा."

मी म्हटलं, "प्रमिलाबाई शे ना शेजारले."

"प्रमिलाकाकू ऐकत नाहीत. त्याही बोलतातच."

खरं आहे ते.

माझं शिक्षण पिंपळनेरच्या शाळेत, चौथीपर्यंत. बोलते अहिराणी, पण लिहायला घेतलं की शाळेतलीच भाषा हाताला येते. मास्तर दुसरी लिहू देत नव्हते. हात अजून त्यांना घाबरतो.

तर आनंदाची बातमी. माझी नात दिपमाला, आम्ही दिपू म्हणतो, तिचा आज निकाल लागला. बारावीचा मागेच लागला होता, हा दुसरा, कॉलेजात जागा मिळण्यासाठीचा. सत्त्याण्णव पॉइंट काहीतरी. मी विचारलं, बाकीचे तीन कोणी खाल्ले? तर सगळे हसले. तिला पूल बांधायचे आहेत. मी म्हटलं, गवंडी व्हायला एवढं शिकावं लागतं? तेव्हाही हसले. आज मी काहीही बोलले तरी हसत होते.

भूपेंद्रने, म्हणजे माझ्या मुलाने, गल्लीत पेढे वाटले. प्रमिलाबाईंनी विचारलं, आता कुठे घालणार? दिपू म्हणाली, पुण्याला, सरकारी कॉलेजात. भूपेंद्र म्हणाला, "बघू." आणि पेढ्यांचा पुडा घेऊन पुढच्या घरी गेला.

२२ जून, रविवार

आज घरात टेबल आलं. काय टेबल! सागवानी, खणांचं, वर दिव्याला जागा. भूपेंद्रने दिपूच्या खोलीत खिडकीशी लावून घेतलं. खिडकीतून आमच्या जळगावच्या मेहरूण तलावाचा एक तुकडा दिसतो, दुसऱ्या बाजूची बिल्डिंग नसती तर सगळा दिसला असता. भूपेंद्र म्हणाला, "चार वर्षं इथे बसून अभ्यास करायचा. हवा बघ कशी येते." दिपूने टेबलावरून हात फिरवला, छान आहे म्हणाली. खणात मात्र काही ठेवलं नाही.

सुलक्षणानेही खरेदी केली. सुलक्षणा माझी सून, घरीच ब्लाउज शिवते, हात साफ आहे. तिने चाकांची मोठी निळी बॅग आणली आणि पलंगाखाली सरकवून वर चादर सोडली. मी विचारलं, तर म्हणे, कानबाईच्या सणाला पिंपळनेरला जायचं आहे ना आई, म्हणून. कानबाई तर श्रावणात. पण आधी घेऊन ठेवलेली बरी. आमच्या घरात सगळे असे पुढचा विचार करणारे आहेत.

सुलक्षणा स्वतःही हुशार बरं का. तिचा नंबर लागला होता नाशिकला, नर्सिंगला. तेवढ्यात आमचं स्थळ गेलं आणि तिच्या वडिलांनी लगेच होकार दिला. आमचं नशीब चांगलं.

५ जुलै, शनिवार

दमले. काल पिंपळनेरला जाऊन आले, एसटीने, सुलक्षणाबरोबर. दिपूच्या कागदांना तिच्या आजोबांचा शाळेचा दाखला लागत होता. जातीची पडताळणी का काय ते धुळ्याच्या ऑफिसात होते आणि त्याला जुना दाखला लागतोच. भूपेंद्र पंधरा दिवसांपासून उद्या जातो, उद्या जातो म्हणत होता. त्याचं काम असं, सावद्याहून केळीच्या गाड्या भरायच्या आणि दिल्लीला लावायच्या. माल कापला की थांबता येत नाही. शेवटी सुलक्षणा म्हणाली, "आई, चला, आपणच जाऊ."

शाळेत हेडमास्तरीण बाई होत्या. जुनी वही काढली, बोटाने शोधलं, आणि माझ्या नवऱ्याचं नाव सापडलं. जन्मतारीख चुकीची आहे, तो म्हशीच्या वर्षी जन्मला होता, म्हणजे घरात पहिली म्हैस आली त्या वर्षी. पण बाई म्हणाल्या, जे लिहिलंय तेच खरं. येताना साक्रीला बस बदलली. स्टँडवर सुलक्षणाने तो दाखला पर्समधून तीनदा काढून बघितला. मला भेळ घेऊन दिली. मग एकदम म्हणाली, "आई, पुण्याला मुलींचं वसतिगृह कॉलेजच्या आवारातच आहे. मी चौकशी केली." मी म्हटलं, बरं झालं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी अजून काहीतरी बोलावं असं तिला वाटत होतं बहुतेक, पण भेळ तिखट होती.

१३ जुलै, रविवार

जेवताना बापलेकीची जुंपली. भांडण नाही म्हणता येणार, आवाज चढलाच नाही.

दिपू म्हणाली, "बाबा, तुमची केळी रोज दिल्लीला जातात. मी पुण्याला नाही जाऊ शकत?"

भूपेंद्र म्हणाला, "केळी परत येत नाहीत, दिपू."

मी म्हटलं, शेवग्याची शेंग कोवळी निघाली आज, अजून घ्या. कोणी घेतली नाही. पोरं हल्ली शेंगा खात नाहीत, दातात अडकतात म्हणतात.

भूपेंद्र बारीक झाला आहे. पित्त असेल. त्याला धन्याचं पाणी देते.

२६ जुलै, शनिवार

आज माझा मान झाला. नीट लिहिते.

कॉलेजांची नावं एकाखाली एक लिहायची असतात. पहिलं कुठलं हवं, मग दुसरं, मग तिसरं. सोमवार शेवटचा दिवस. संध्याकाळी सगळे बैठकीत बसले, दिपू कोऱ्या कागदावर आधी कच्चं लिहीत होती. तिने वर पुण्याचं लिहिलं. मी विचारलं, "अन् आपलं जळगाव?"

"ते खाली टाकते, आजी. पाचवं."

मी आपली सहज सांगायला लागले, की लग्नाचं आवतण द्यायचं असतं तेव्हा पहिली अक्षत देवाजवळ, मग घरात, मग भाऊबंदात, मग गल्लीत, मग गावात, आणि मग बाहेरगावी. घरापासून सुरुवात करायची. माझ्या नणंदेच्या लग्नात सासरे आधी शिरपूरला देऊन आले आणि भाऊबंद रुसून बसले, मांडवात कोणी येईना, शेवटी मुलीच्या मामाने घरोघर जाऊन हात जोडले. ती गोष्ट फार मोठी आहे, तिच्यात एक बैलही येतो.

बैलाचं सांगायच्या आधीच भूपेंद्र सरसावून बसला. "माय बरोबर म्हणते. घरापासून सुरुवात. जळगावचं वर लिही."

दिपू म्हणाली, "बाबा, तिथे तसं नसतं. पहिल्या ओळीतलं लागलं की तिथेच थांबावं लागतं. आणि जळगावचं मला लागणारच."

"पुढे फेऱ्या असतात ना?"

"पहिलं लागलं की पुढच्या फेऱ्या नसतात."

"काही होत नाही. आजीचा शब्द आहे. मोडू नको."

दिपू माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं तिला गोष्ट आवडली. मी म्हटलं, "वर नाव ठेवानं काय लागस? मान देवाना शे." तिने खोडलं आणि वर जळगाव लिहिलं. भूपेंद्रने आज भाकरीवर तूप मागून घेतलं. इतक्या दिवसांनी.

आपलं म्हाताऱ्यांचं ऐकणारी लेकरं मिळायला भाग्य लागतं.

२७ जुलै, रविवार

आज सकाळी सुलक्षणा मेथी निवडत होती. मी देठं वेगळी करायला बसले. ती पानं तोडत होती का चुरगळत होती, कळत नव्हतं. मी म्हटलं, "काय व्हयनं?"

ती खाली बघूनच बोलली. "आई, समजा तुम्ही आवतण द्यायला निघाल्या. पहिल्याच घरात त्यांनी तुम्हाला ताटावर बसवलं आणि दाराला कडी लावली. मग पुढच्या घरांना अक्षत कोण देईल?"

"कोनी नही."

"तसंच आहे ते. जळगावचं पहिलं लिहिलं, तर जळगावचंच लागणार. दार बंद. पुणं मग पुन्हा विचारणारच नाही."

मी म्हटलं, "भूपेंद्रले ठाऊक नही का?"

सुलक्षणाने मेथी टोपलीत टाकली. "त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक आहे."

खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. पोर घरात राहील, संध्याकाळी कॉलेजातून येईल, बूट दारात कुठेही काढेल, माझ्या पलंगावर आडवी पडून फोन बघेल आणि मी बोलत राहीन. चार वर्षं. मी अजून जगेन तरी किती, आठ-दहा, त्यातली चार. असा सगळा हिशेब मनात झाला आणि गोडही लागला.

मग दिपू बाहेर आली. केस धुतले होते. मला म्हणाली, "आजी, तुझी बैलाची गोष्ट राहिली." आणि पाटावर येऊन बसली. मी सांगितली. ती हसायच्या जागी बरोबर हसली. बाकी वेळ ती कुठे होती मला माहीत नाही. मी गोष्ट सांगते तेव्हा माझ्याकडे बघणारे आणि न बघणारे मला कळतात, तेवढं शिक्षण माझं झालेलं आहे.

बैल मंडपात शिरतो तिथे मी थांबलेच. पुढचं सांगावंसं वाटेना.

मी घराला मान द्यायचं म्हटलं होतं. कडी लावायचं कुठे म्हटलं होतं?

२८ जुलै, सोमवार

आजचं आजच लिहायला पाहिजे.

बाप-लेक दुपारी चौकातल्या ऑनलाइन सेंटरवर गेले. जाताना दिपू पाया पडली. सुलक्षणा मशीनवर बसली होती, पण मशीन चालू नव्हतं.

एक लिहायचं राहिलंच होतं. दिपूच्या सगळ्या फॉर्मवर नंबर माझ्या फोनचा दिला आहे. भूपेंद्रचा फोन कायम गाडीवाल्यांशी गुंतलेला आणि दिपूचा बंद पडायचा, म्हणून तेव्हा माझा दिला, हा साधा बटणांचा. त्यावर आकडे येतात, मी वाचून सांगते, मग तिकडे पुढे सरकतं. आकडे मला येतात. बाजारात मला कोणी फसवून दाखवावं.

फोन वाजला. भूपेंद्र. "माय, मेसेज आला असेल. आकडे सांग."

मी म्हटलं, "पहिले सांग, वरनी ओळमा काय शे?"

"माय, मागे लाईन आहे."

"राहू दे लाईन. वर काय शे?"

"जळगावचं. तूच तर म्हटली."

"मी आवतननं सांगं व्हतं. पुनानं नाव वर लिख, मंग आकडा सांगसू."

मागे कोणाचं तरी भांडण चाललं होतं, प्रिंट पुसट आली म्हणून. मग तो बाहेर आला असावा, रिक्षाचा आवाज आला. हळूच म्हणाला, "माय, ती गेली की गेली. नोकरी तिकडेच, लग्न तिकडेच. घरात काय राहील?"

मी म्हटलं, "मी शे ना."

"तुला करमेल?"

"नही करमी माले. पोरले करमी."

तो काहीच बोलेना. माझा मुलगा आहे, गप्प असतो तेव्हा कुठल्या बाजूने गप्प आहे ते मला समजतं. पण या वेळी समजेना. मी म्हटलं, "भूपा, मना शब्दना आड नको लपू. तुले नही धाडनी तर तू सांग तिले. तुना तोंडे सांग."

सुलक्षणा दारात येऊन उभी होती, हातात कात्री.

मग फोन दिपूकडे गेला. "आजी," म्हणाली आणि नाक ओढलं. मी म्हटलं, "कसाले रडस? तो काय म्हनी राहिना?"

"म्हणतात, लिही."

"मंग लिख ना."

तिने लिहिलं. पहिले आकडे तोवर शिळे झाले होते म्हणे, दुसरे आले. मी चष्मा लावला. एकेक आकडा सांगितला. ती तिकडून एकेक म्हणत होती, मी इकडून. शेवटचा आकडा सांगायच्या आधी मी जरा थांबले. चष्मा पुसायचा होता.

"आजी? पुढचा?"

सांगितला.

३१ जुलै, गुरुवार

पुणं लागलं! पहिल्या ओळीतलंच लागलं! प्रमिलाबाई म्हणाल्या, एवढ्या लांब, मुलीला, काळ कसा आहे. मी म्हटलं, काळ काय पुण्यालाच आहे का, जळगावलाही आहे. त्यांना पेढे दोन जास्त दिले, तोंड बंद राहावं म्हणून.

भूपेंद्र गेला आणि दिपूला नवा फोन घेऊन आला. डबा नुसता टेबलावर ठेवला. ती त्याच्या गळ्यात पडली. तो हात कुठे ठेवावे ते न कळल्यासारखा उभा होता, केळीचा चीक लागला असावा हाताला.

४ ऑगस्ट, सोमवार

कानबाईला पिंपळनेरला गेलो होतो. सगळे भाऊबंद एका छताखाली, पंचवीस माणसं, एकच न्हाणीघर. कानबाईच्या नैवेद्याचे रोट केले. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, घराबाहेर न्यायचे नाहीत. दिपूला मी समोर बसवून पोटभर खाऊ घातला. ती म्हणे, आजी, बास, फुटेन. मी म्हटलं, पुण्याला नेता येत नाही ना, म्हणून इथेच खा. जाऊबाई म्हणाली, "एवढी लांब धाडतस पोरले?" मी तोंड उघडायच्या आत भूपेंद्र म्हणाला, "सरकारी कॉलेज आहे काकू. नंबर लागला तिचा." छाती पुढे काढून म्हणाला. दोनदा म्हणाला. मला फार हसू आलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

गेली. सकाळी सातला, गाडीने, भूपेंद्र आणि सुलक्षणा सोडायला गेले. निळी बॅग इतकी भरली की सुलक्षणा तिच्यावर बसली तेव्हा चेन लागली. शेव, चटणी, कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, सगळं दिलं. कळण्याची भाकरी तिला तिकडे कोण करून देणार, मला विचारलं असतं तर मी पीठ देऊ नका म्हटलं असतं. पण मीच दिलं होतं.

मी रडले नाही. हात हलवला. गाडी वळली तरी हलवत होते, तर प्रमिलाबाईंना वाटलं त्यांना बोलावते आहे, त्या आल्या आणि तासभर बसल्या.

दुपारी तिच्या खोलीत झाडू मारला. केस खूप निघाले. मुलींचे केस किती गळतात हल्ली. टाकून दिले नाहीत लगेच, सुपलीत ठेवले आणि मग विसरले.

आता चार वर्षं लवकर जातील. लवकर जातात. मी आनंदात आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दिपूचा फोन आला. खोलीत तीन मुली, एक लातूरची, तिला अहिराणी शिकवते आहे म्हणे. ती पोरगी फोनवर मला म्हणाली, "आजी, बठ्ठं चांगलं शे." बठ्ठं म्हणजे सगळं, तेवढं शिकली. मी इतकी हसले की ठसका लागला.

सुलक्षणा तिथेच थांबली आहे दोन दिवस, पोरीचं सगळं लावून द्यायला. तिचा आवाज फोनवर वेगळाच येत होता, तरुण. म्हणे, आई, आम्ही दोघी बसने सगळं पुणं फिरलो.

भूपेंद्र एकटाच परत आला, आज सकाळी. सावद्याला गेला नाही. गाडीवाल्यांचे फोन वाजत होते, उचलले नाहीत. मी ओट्याशी भाकरी थापत होते, तर तिथे खाली येऊन बसला, लहानपणी बसायचा तसा, भिंतीला पाठ लावून. केस किती पिकले त्याचे. मला दिसलेच नव्हते.

म्हणाला, "माय, मी पिंपळनेरहून जळगावला आलो, तेव्हा तू काय केलं?"

मी म्हटलं, "काय करनार? दुसरा दिन कांदा लावना व्हता, तो लावा."

"आणि मग?"

"मंग दिवाईले येशी म्हनीसन वाट दखी."

"मी आलो होतो का त्या दिवाळीला?"

"काम व्हतं तुले."

मी भाकरी उलटली. ती फुगली, मी त्याच्या ताटात टाकली, वर लसणाची चटणी. तो खायला लागला. मग डोळे पुसत खात होता. मी तिकडे बघितलं नाही, चटणी तिखट होतीच.

खाऊन झाल्यावर विचारतो, "मग तुझी वाट बघणं कधी थांबलं?"

मी म्हटलं, "आते तू आठेच शे ना, मना समोर." आणि त्याला अजून एक भाकरी वाढली.

त्याला नाही सांगितलं, इथे लिहिते. पिंपळनेरच्या स्टँडवरून जो पोरगा गेला, तो काही परत आला नाही. मग खूप वर्षांनी हा आला, मला घेऊन जायला. हाही चांगला आहे. त्याच्यापेक्षा दोन भाकरी जास्त खातो.